दारावरचा रादोय

मी मेल्याची बातमी मला ईमेलनं कळली. एका हातात चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा होती, दुसऱ्या हाताची बोटं तेलकट, म्हणून ती बातमी मी करंगळीनं उघडली. वर लिहिलं होतं, श्री. रादोय गुन्चेव यांच्या कुटुंबीयांस. खाली, आमचे विश्वासू ग्राहक श्री. गुन्चेव यांच्या निधनानं आम्हाला तीव्र दुःख झालं असून त्यांचं खातं आम्ही आदरपूर्वक गोठवत आहोत. मी बेकरीबाहेरच्या उंच टेबलाशी उभा होतो. शेजारी एक टॅक्सीवाला बोझा पीत होता, त्याच्या मिशीला त्या आंबूस पेयाचा तपकिरी थर लागला होता, आणि जगात बाकी काहीही बदललेलं नव्हतं. 'आदरपूर्वक' हा शब्द मी पुन्हा वाचला. उभ्या जन्मात माझ्याशी कुणी आदरपूर्वक काही केलं नव्हतं आणि आता केलं ते हे. मला राग डोक्यात येत नाही. आधी पोटऱ्यांत येतो, तिथे थोडा बसतो, मग चढत चढत दातांपर्यंत पोचतो. दात त्या वेळी बानित्सात होते. मी ती संपवली. पैसे देऊन झालेले होते, आणि दिलेल्या पैशाचं खाणं टाकायचं नाही ही आमच्या घरची शिकवण मेल्यावरही लागू असावी.

मी पोकर खेळतो. इंटरनेटवर, घरी बसून, डॅन्यूबकाठच्या रुसे शहराच्या द्रुझ्बा वस्तीतल्या काँक्रीटच्या इमारतीत, बाल्कनीला काचा लावून केलेल्या खोलीत. त्या खोलीत हिवाळ्यात बोटं गारठतात आणि उन्हाळ्यात खुर्ची पाठीला चिकटते. पोकर खेळतो असं सांगितलं की काही लोक मी श्रीमंत असल्यासारखं बघतात, काही आजारी असल्यासारखं. माझा बाप बघतच नाही. बंदरावरच्या क्रेनमध्ये त्याची हयात गेली; जे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही ते त्याच्या लेखी काम नाही. खरं तर माझंही काम तेच आहे. पत्ते खेळणं हा सोपा भाग. पैसा उचलून टेबलापर्यंत नेणं आणि टेबलावरून उचलून परत आणणं, यातच माणसाचं तारुण्य जातं. बँकेला जुगाराचा वास सहन होत नाही आणि जुगाराच्या साइटला बँकेचा वेग सहन होत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये एक पाकीट लागतं, म्हणजे कुठल्यातरी उबदार बेटावर नोंदवलेली कंपनी. ती दोघांकडूनही दलाली घेते आणि दोघांनाही ओळख दाखवत नाही.

पाकीट निवडताना मी जितका विचार केला तितका माझ्या आईनं नवरा निवडताना केला नसावा. केला असता तर ती आज इटलीत एका परक्या म्हातारीचे पाय चोळत बसली नसती. आधी मी साधं बँकेचं कार्ड वापरून पाहिलं. पैसे अडकले, मी शाखेत गेलो, आणि काचेमागच्या बाईनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, हे जुगारासाठी आहेत का. रांगेत माझे गणिताचे जुने मास्तर होते. ते समजूतदारपणे हसले, आणि ते हसणं मी आजतागायत माफ केलेलं नाही. मग टपरीवर मिळणारी खरवडायची कुपनं घेतली. त्यांचा आकडा टाकला की पैसा आत जातो, पण बाहेर यायची वाट त्यांना ठाऊकच नसते. मग मित्र यांको म्हणाला, सगळं सोड, संगणकातली नाणी घे, तिथे नाव नाही, गाव नाही, कुणी विचारत नाही. त्या नाण्यांच्या तिजोरीचे परवलीचे शब्द यांकोनं सिगारेटच्या पाकिटावर लिहून ठेवले होते. पुढे त्यानं सिगारेट सोडली. घरात आनंदीआनंद झाला, पाकीट कचऱ्यात गेलं, आणि आता यांको निरोगी आणि कफल्लक आहे. शेवटी मी हे बेटावरचं पाकीट निवडलं. दलाली जास्त, नावात एक उगाचच उडणारा पक्षी, पण पत्त्याचा पुरावा म्हणून ते विजेचं बिल चालवून घेत होते, आणि विजेचं बिल माझ्या नावावर होतं.

म्हणजे आजोबांच्या नावावर. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. आजोबा रादोय गुन्चेव, मीही रादोय गुन्चेव. मधलं नाव तेवढं वेगळं, आणि वीज कंपनी मधलं नाव छापत नाही. आजोबा गेल्या शरदात गेले, पण बिल त्यांनाच येत राहिलं. इथे मेलेल्या माणसाच्या नावावरचं बिल कुणी बदलत नाही. बदलायला गेलं तर कचेरीत मेल्याचा दाखला मागतात, वारसाचा मागतात, मग घराचा मागतात, आणि इतकं करून वीज आधीपेक्षा काही जास्त उजेड देत नाही. अख्ख्या इमारतीत निम्मी वीज मेलेलीच माणसं जाळतात. तेव्हा मी ते बिल पाठवलं. त्यावर लिहिलं होतं रादोय गुन्चेव, राहणार इथे. मी रादोय गुन्चेव, राहतो इथे. यात खोटं काय ते कुणी मला बसवून समजावून सांगावं. जवळजवळ वर्षभर काही बिघडलं नाही. मग कंपनीनं वार्षिक तपासणी म्हणून इमारतीच्या क्रमांकासह स्वतःचा फोटो मागवला. मी खाली गेलो, प्रवेशद्वारापाशी उभा राहिलो, क्रमांक नीट दिसेलसा हात लांब करून फोटो काढला आणि पाठवून दिला. माझ्या खांद्यामागे, दारावर, आजोबांच्या निधनाचा कागद होता.

तो मला दिसला नाही. परक्या माणसाला हे पटणार नाही, पण आम्हाला ते कागद दिसतच नाहीत. इथे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी छापून दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. पुढे चाळिसाव्या दिवशी, सहाव्या महिन्यात, वर्षानं पुन्हा. सगळं शहर मेलेल्यांच्या चेहऱ्यांनी लिंपलेलं असतं, आणि आम्ही त्यांना टेकून बसची वाट बघतो. कुणी ते फाडत नाही. ऊनपाऊस नेईल तेव्हा नेईल. आता त्या कागदावरचे आजोबा म्हातारे असते तरी निभावलं असतं. पण म्हातारपणी कॅमेरा दिसला की ते तोंड फिरवायचे, म्हणून बापानं छापायला दिला तो तरुणपणचा फोटो, डॅन्यूबवरच्या ओढबोटीच्या डेकवरचा, केस वाऱ्यावर आणि जबडा पुढे. तो चेहरा माझा आहे. किंवा माझा त्यांचा. कंपनीच्या यंत्रानं दोन्ही ताडून पाहिले आणि अहवालात लिहिलं, जुळणी उत्कृष्ट. माझा सरकारी ओळखपत्रावरचा फोटो माझ्याशी इतका कधी जुळला नव्हता. त्यावर शेरा होता, समाधानकारक.

मी चॅटवर गेलो. मिराबेल नावाच्या मदतनीस बाई हजर होत्या. आधी आपोआप ओळ उमटली, नमस्कार रादोय, आज तुमचा दिवस कसा आहे. मी लिहिलं की मी जिवंत आहे. बराच वेळ तीन ठिपके नाचत राहिले. मग उत्तर आलं, की आपलं दुःख आम्ही समजू शकतो आणि जवळचं माणूस गेल्यावर ते मान्य न करणं स्वाभाविक असतं. मी लिहिलं, गेलेला माणूस माझे आजोबा. बाईंनी विचारलं, मग वीजबिल कुणाचं. इथे माझी बोटं थांबली. आजोबा मला पत्त्यांतला बेलोट शिकवायचे तेव्हा म्हणायचे, राग आला ना, की पत्ता आपटायचा नाही, हळू ठेवायचा. आपटणाऱ्याच्या हातात काय आहे ते शेजारच्या गल्लीलाही कळतं. चिडले की ते पान टेबलावर असं ठेवायचे जसं काही टेबल झोपलंय. मी एकेक अक्षर तसं ठेवत गेलो. बिल आजोबांचं, नाव आमचं, मी जिवंत. मिराबेल बाईंनी माझ्या धैर्याचं कौतुक केलं आणि लिहिलं, खातेदार हयात असल्यास त्यानं त्याच जागी, त्याच दारासमोर, निधनाच्या कागदाविना नवा फोटो महिनाअखेरपर्यंत पाठवावा. अन्यथा रक्कम वारसाला देण्यात येईल.

दुसरं पाकीट निवडता आलं असतं तर मी त्या पक्ष्याची मान मुरगळून कधीच निघून गेलो असतो. यांकोकडे जाऊन मी तेच म्हणालो. त्यानं शांतपणे आठवण करून दिली, की पोकर साइटचा नियम आहे, पैसा ज्या पाकिटातून आत आला त्याच पाकिटातून बाहेर जातो. चोरांना अडवायला केलाय म्हणे. म्हणजे वर्षभर जिंकलेलं सगळं टेबलापलीकडे, आणि पूल एकच, आणि पुलावर माझी तिरडी. त्या पैशावर मी वार्नात एक खोली ठरवली होती, समुद्राकडे खिडकी असलेली. घरमालकिणीला कळवलं होतं की पहिल्या तारखेला येतो. त्या खिडकीचा विचार करून मी बाल्कनीतला सबंध हिवाळा काढला होता. यांको म्हणाला, "लोक पाकीट निवडताना दलाली बघतात. बघायचं ते हे की तिथे भांडायला माणूस आहे का." मी म्हणालो, आहे ना, मिराबेल आहे. तो म्हणाला ते यंत्र असणार. मला ते आधीच वाटलं होतं, पण त्यानं उच्चारल्यावर अपमान पूर्ण झाला. एका बाईनं मला मेलेला म्हणणं वेगळं आणि शेगडीच्या जातीच्या वस्तूनं म्हणणं वेगळं.

घरी परतलो तर स्टांका मावशी दाराजवळच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तिचं आमच्याशी रक्ताचं नातं नाही, ती सगळ्या इमारतीची मावशी आहे. मी प्रथमच त्या कागदासमोर नीट उभा राहिलो. ती म्हणाली, बघतोस काय रे, देखणा होता, तुझ्यासारखा मरगळलेला नव्हता. मी वाचलं. रादोय गुन्चेव. डॅन्यूबचा सच्चा खलाशी, प्रेमळ पिता. दुःखात, मुलगा इलिया, सून आणि सर्व आप्तेष्ट. हे मला पाठ होतं. कागद दिसत नाही म्हणालो ते खरं, पण ही शेवटची ओळ मला डोळे मिटूनही दिसत आली आहे. मुलगा, सून आणि सर्व आप्तेष्ट. नातू नाही. आजोबा मला 'आजोबा' अशी हाक मारायचे. आमच्याकडे मोठी माणसं लाडानं आपलंच नातं लहानांना लावतात. ये रे आजोबा, पत्ते वाट. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना चमच्यानं सूप मी भरवलं. बाप क्रेनवर, आई इटलीत, आणि बाल्कनीतून उठून पोकरच्या दर दोन डावांच्या मध्ये चमचा घेऊन जाणारा मी, आणि कागदावर मी सर्व आप्तेष्टांत, पेर्निकच्या त्या चुलत भावासोबत ज्याला दफनभूमी सापडली नाही म्हणून तो थेट जेवायला आला. बापाला मी कधी विचारलं नाही. वर्षभर फक्त त्याच्या मीठ मागण्याला उत्तर दिलं नाही. मिराबेल बाईंनी काही नवं केलेलं नव्हतं. मला आधी दारावर मारलं ते माझ्या बापानं, आणि त्यानं 'आदरपूर्वक' असंही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं की दारावरचा कागद एका फोटोपुरता काढायचा आहे. तो मिरच्यांची पोती वर आणत होता. का, हे त्यानं विचारलं नाही. वर्ष व्हायचंय अजून, एवढंच म्हणाला. मी म्हणालो, परत चिकटवू. तो म्हणाला, माणूस काय स्टिकर आहे. नंतरचे दिवस आम्ही स्वयंपाकघरात दोन खांबांसारखे वावरलो. मी रात्री उतरून तो फाडू शकलो असतो. एकदा हात लावूनही पाहिला. खळ इतकी पक्की होती की नखात फक्त आजोबांच्या कॉलरचा कोपरा आला, आणि तो मी, का कोण जाणे, थुंकी लावून परत बसवला. स्वतःचाच भयंकर राग आला. मग वाटलं, ठीक आहे. मला मेलेलाच ठेवायचं असेल तर रीतसर ठेवा. मी वारसाचा फॉर्म मागवला.

हिशोब सरळ होता. रादोय गुन्चेव मेला, वारस इलिया गुन्चेव, त्यानं सही केली की पैसा त्याच्या खात्यात, तिथून माझ्या हातात, आणि मी वार्नात. कुणालाच काही फाडायला नको. मी हे ठरवलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं, दातदुखीवर दात पाडायचं ठरवल्यावर वाटतं तसं. बाप टेबलाशी बसून भाजलेल्या लाल मिरच्या सोलत होता. खोलीभर जळक्या सालीचा गोड धूर होता आणि त्याची बोटं मनगटापर्यंत लाल. मी फोन त्याच्यासमोर ठेवला, हळू. त्यानं चष्मा कपाळावरून कोपरानंच खाली पाडला आणि वाचू लागला. तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. मृताचं नाव. मृताशी नातं. तिथे मी आधीच भरून ठेवलं होतं, वडील. पुराव्यादाखल दारावरचा फोटो जोडला होता. खाली ओळ होती, की मी माझ्या पूर्ण जाणिवेनिशी जाहीर करतो की माझा मुलगा हयात नाही.

"हे कुणी लिहिलं," त्यानं विचारलं.

"कंपनीनं. तुम्ही फक्त बोट टेकवायचं."

"मी."

"तुम्हाला काय जड आहे, बाबा. एकदा केलंयत की. दारावर बघा, मी कुठे आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बघणं थांबवलं नाही, हे मला सवयीचं नव्हतं. सालीचा एक काळा तुकडा त्याच्या अंगठ्याला चिकटला होता, त्याच अंगठ्यावर मी नजर ठेवून होतो. तो टेकवेल की काय असं मला वाटलं, आणि तेव्हाच कळलं की टेकवला असता तर मी वार्नाला गेलो असतो आणि पुन्हा कधीही आलो नसतो. त्यानं मिरची ताटलीत ठेवली. टेबल झोपलेलं असावं अशी ठेवली. मग सोलायचा सुरा उचलला, नळाखाली डबा भरून घेतला आणि चपला न घालता जिन्याकडे चालू लागला.

मी मागोमाग उतरलो. लिफ्ट बंद होती, ती आमच्याकडे बंदच असते. दारासमोर उभा राहून त्यानं सगळं पाणी कागदावर ओतलं आणि खरवडायला सुरुवात केली, वरून खाली, मोठ्या आवाजात, दात आंबतील असा. स्टांका मावशी बिया सोलायची थांबली. म्हणाली, इलिया, वर्ष नाही झालं, पाप लागेल. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, लागू दे, रांगेत उभं कर त्याला. नाव गेलं, मग डेक गेलं, मग वाऱ्यावरचे केस. जबड्याशी सुरा अडला. तिथे त्यानं सुरा ठेवला आणि बोटानं, ओल्या बोटानं, कागद गोळा करत करत तो सोडवला. खरवडता खरवडता तो बोलत होता, दाराशी बोलावं तसं. "वर रादोय गुन्चेव. खाली दुःखात रादोय गुन्चेव. छापणारी बाई म्हणाली, हे काय, मेलेलाच रडतोय का. लोक हसतील म्हणाली. माझा बाप पेटीत पडलेला, मी तिथे मधली नावं समजावत बसू? म्हटलं काढा ते नाव." त्यानं लगदा मुठीत घेतला. "एक बाप चिकटवला मी या दारावर. तुला नाही चिकटवणार. मर जाऊन त्या समुद्रावर, पण कागदावर सही मागू नकोस माझ्याकडे."

म्हणजे वर्षभर मी रागावलो होतो तो छापखान्यातल्या एका बाईवर. तिची चूकही नव्हती. हे कळल्यावर राग शमायला हवा होता, तो वाढला. इतका मोठा, वर्षभर जपलेला, मिठासकट सांभाळलेला राग, आणि तो ठेवायला आता जागाच नव्हती. बाप म्हणाला, "उभा राहा तिथे. नीट." दारावर जुन्या तपकिरी रंगाचा एक ओला चौकोन उरला होता, बाकी दारापेक्षा नवा. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. बापानं लाल बोटांनी माझा फोन धरला, एक डोळा मिटला आणि क्रेनवरून माल उतरवावा तसा फोटो काढला. फोटोत मी भयानक दिसत होतो. सूचनांमध्ये लिहिलं होतं, चेहरा भावरहित ठेवावा. मी तोच पाठवला. चार दिवसांनी मिराबेल बाईंचं पत्र आलं, पुनरागमनाबद्दल अभिनंदन, आणि सोबत परतलेल्या ग्राहकांसाठी दलालीत खास सूट.

वर्षश्राद्ध शनिवारी होतं. शिजवलेला गहू साखर घालून लोकांना वाटायचा असतो, तो आईनं फोनवरून सूचना देऊन माझ्याकडून करून घेतला आणि तो गिचका झाला. सकाळी खाली उतरलो तर बाप नवा कागद लावत होता, बादलीत खळ, हातात रंगाचा ब्रश. या वेळी फोटो म्हातारपणचा होता. तोंड फिरवलेला, एक कान आणि अर्धा गाल, पण कुणाचा ते कळत होतं. रादोय स्तोयानोव गुन्चेव, मधल्या नावासकट, जाड अक्षरांत. खाली दुःखात, मुलगा इलिया, सून, आणि नातू रादोय इलिएव गुन्चेव, जो जिवंत आहे.

स्टांका मावशीनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हे शेवटचं कशाला छापलंय.

"माहितीसाठी," बाप म्हणाला.

माझी बॅग जिन्याखाली भरून ठेवलेली होती, ती त्याला दिसत होती. त्यानं कागदाच्या कडांवरून पुन्हा एकदा ब्रश फिरवला, गरज नसताना. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "जायच्या आधी ते विजेचं बिल तुझ्या नावावर करून जा. मेलेल्याच्या नावानं किती दिवस वीज जाळायची."

"ते माझ्याच नावावर आहे, बाबा."

ब्रशवरून खळ त्याच्या मनगटावर ओघळत होती. मला वाटलं, आता तो ब्रश बादलीत आपटेल. त्यानं तो ठेवला. हळू, इतका हळू की आवाजच झाला नाही.